फरार माणसाची वहिवाट

नोटीस बाभळीला चिकटवलेली होती. गायरानावर पारध्यांची नऊ पालं होती. पण पालांना भिंती नसतात आणि तलाठ्याला कागद चिकटवायला काहीतरी उभे हवे होते. खोड सपाट नसल्यामुळे खालच्या दोन ओळी सालीच्या भेगेत गेल्या. मुदत त्याच ओळींत होती: पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी. वस्तीत वाचता येणारे कुणी नव्हते. अकराव्या दिवशी गावच्या शाळेतले एक शिक्षक त्या वाटेने जाताना थांबले, त्यांनी नखाने कागद सरळ करून वाचला आणि संध्याकाळी मला पोस्टकार्ड टाकले.

मी तेव्हा उस्मानाबादला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दैनिक सोलापूरला छापले जाई. बातमी लिहून, पाकिटात घालून दुपारच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायची, ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात येई किंवा येत नसे. पोस्टकार्ड मिळाल्यावर तेर गावच्या गाडीने निघालो, अलीकडच्या एका फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. गायरान म्हणजे मुरमाड चढ. बाभळी, थोडी बोरीची झुडपे, आणि वरच्या अंगाला शेंदूर लावलेले अकरा दगड. दगड देवाचे असतील असे मला वाटले. नंतर कळले की देवीचा एकच. बाकीचे दहा माणसांचे, मेलेल्यांचे.

जागा गावच्या सहकारी दूध संस्थेला हवी होती. मागणी गैर नव्हती हेही लिहायला हवे. मोठ्या दुष्काळात गावातली निम्मी जनावरे छावणीत गेली होती आणि सगळी परत आली नव्हती. संस्थेच्या अध्यक्षांचे दोन बैल त्यांच्या डोळ्यांदेखत बसले ते उठले नाहीत. पुन्हा असे होऊ नये म्हणून गायरानावर कायमचे वैरणीचे क्षेत्र करायचे, असा ठराव झाला. सहकाराचे दिवस होते. संस्थेने मागितले आणि सरकारने दिले, यात कुणाला बातमी दिसत नव्हती. माझी बातमी चार ओळींत, आडतीच्या भावांखाली छापून आली.

पारधी वर्षाचे आठ महिने हिंडत. तितर-ससे फासात धरायचे, कुणाच्या शिवारात राखणीला राहायचे, तिथून पुढे जायचे. पावसाळ्याचे चार महिने मात्र याच चढावर. आज्याच्या आधीपासून, असे ते सांगत. हे सगळे ज्याच्याकडून ऐकले तो वस्तीतला सर्वांत वयस्कर माणूस होता. साठीचा असावा, त्याला स्वतःला वय ठाऊक नव्हते. त्याची बायको वयाने त्याच्या जवळपास आणि बोलण्यात त्याच्या पुढे होती. मी वहीत लिहीत असताना तिने विचारले की या लिहिण्याने नोटीस फाटते का. मी नाही म्हणालो. "मंग पानी पिऊन जावा," ती म्हणाली.

त्यांना वकील मिळवून देण्यात माझा भाग एवढाच, की मी एकाचा पत्ता दिला. हा वकील बौद्ध कुटुंबातला, तिशीच्या आतला. वडील कचेरीत शिपाई होते. त्याच्या चुलत्याने दुसऱ्या गावच्या गायरानावर जमीन काढली होती आणि त्यासाठी सात वर्षे भांडला होता, त्यामुळे गायरानाचा कायदा त्याला कॉलेजच्या आधी घरात शिकायला मिळाला होता. त्याने दिवाणी न्यायालयात नऊही कुटुंबांच्या वतीने दावा लावला. न्यायालयाने तूर्त मनाई हुकूम दिला. मुदत संपायला एक दिवस बाकी होता.

पुढचा प्रश्न पुराव्याचा. एका ठरलेल्या सालाआधीपासून गायरानावर वहिवाट असेल तर ती कायम करावी, असा सरकारचा निर्णय होता. साल दुष्काळाच्या आधीचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडली त्याचे मस्टर त्यामुळे उपयोगाचे नव्हते. रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही, सातबाऱ्यावर असण्याचा प्रश्नच नाही. पहाणीपत्रकात गायरानासमोर दरवर्षी एकच शब्द होता: पड. वकिलाने तीन तारखा मुदत मागण्यात घालवल्या. चौथ्या तारखेच्या आधी त्याला हजेरीची वही आठवली.

जुन्या राजवटीत पारधी ही अख्खी जात गुन्हेगार म्हणून नोंदलेली होती. गावाच्या हद्दीत पाल पडले की पुरुषांनी रोज संध्याकाळी चावडीवर जाऊन पाटलाकडे हजेरी लावायची. पाटील वहीत नाव लिही. जो आला नाही तो संशयित, जो सापडला नाही तो फरार. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कायदा गेला, वह्या मात्र कुठे ना कुठे राहिल्या. या गावची वही म्हाताऱ्या पाटलांच्या माळ्यावर होती. पाटलांनी ऐन तारुण्यात ती लिहिली होती. दूध संस्थेचे अध्यक्ष त्यांचे सख्खे पुतणे. त्यामुळे पाटील वही देणार नाहीत असे आम्ही धरून चाललो होतो.

वकील, पारधी म्हातारा आणि मी, असे तिघे आगाऊ निरोप देऊन सकाळी त्यांच्या घरी गेलो. पाटलांनी वही आदल्या दिवशीच उतरवून, फडक्याने पुसून ओसरीवर ठेवली होती. पुतण्याचा विषय वकिलाने भीत भीत काढला, तेव्हा ते म्हणाले, "वही सरकारची हाय. माझ्या बापाची न्हाय न् पुतण्याचीबी न्हाय." वकिलाला आणि मला घरातल्या कपांत चहा आला. पारधी म्हातारा पायरीखाली अंगणात बसला होता. त्याचा पेला बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यातून काढून, विसळून दिला गेला. हे मी टिपून घेतले, बातमीत आले नाही.

वही मोडीत होती. वकिलाला मोडी येत नव्हती, मलाही नाही. पाटलांनी दोरा बांधलेला चष्मा कानांवर अडकवला आणि वाचायला सुरुवात केली. महिना, तिथी, मग नावे, सात पुरुषांची. वकिलाच्या हातात त्याने वस्तीत बसून केलेली यादी होती: बाप, चुलते, आजा. पहिले पान संपले तेव्हा त्यातले एकही नाव यादीशी जुळले नव्हते. दुसरे पान झाले. तिसऱ्यानंतर त्याने यादीची घडी घातली आणि म्हाताऱ्याला विचारले की यातले तुमचे कोण.

"समदी," म्हातारा म्हणाला.

"बाबा, ही नावं तुम्ही मला सांगितलीच नव्हती."

"तुमी घरची इचारली. ही चावडीची हायेत."

मग ते हळूहळू बाहेर आले. त्या वस्तीत मूल जन्मले की त्याला एक नाव देवीपुढे ठेवत. ते घरात चाले आणि खाकी कपड्यांपुढे कधी उच्चारले जात नसे. मुलगा हजेरीच्या वयाचा झाला की बाप त्याला ज्या ज्या गावी पाल पडे, त्या त्या गावच्या चावडीचे नाव देई. या गावाला एक, पुढच्या गावाला दुसरे. कुठे चोरी झाली आणि पोलिसांनी एका गावच्या वहीतून नावे उचलली तर पुढच्या गावी तो माणूस नसायचा. पिढ्यान्पिढ्या हे शहाणपण मानले गेले होते आणि ते होतेही. पोलिसांपासून माणसे वाचावीत म्हणून केलेल्या या व्यवस्थेने आता माणसांना त्यांच्या एकुलत्या एक पुराव्याबाहेर ठेवले होते. पाटील हसले.

"मला काय ठाव नव्हतं व्हय?" ते म्हणाले. "पन सांगंल ते लिहायचं, आशी रीत. मी तोंडं बघून वळखायचो."

वकिलाने लगेच विचारले की कोर्टात ओळखाल का. पाटील म्हणाले, मेलेल्यांची तोंडे आजही ओळखतो, पण ती कोर्टात आणायची कशी? सातांपैकी सहा मेले होते. बायकांची हजेरी नसे, आणि आजचे बाकीचे पुरुष तेव्हा जन्मले नव्हते किंवा पोरसवदा होते. वहीतला जिवंत माणूस एकच, आणि तो पायरीखाली बसला होता. पाटलांनी शेवटची पाने उलटली. एका नावावर बोट ठेवले, मग शेजारची तांबड्या शाईची ओळ वाचली आणि चष्मा काढला. त्या नावापुढे लिहिले होते: फरार.

ते नाव इथे लिहीत नाही, त्याचे घरचे नावही नाही. गोष्ट अशी होती. उमरग्याच्या बाजूला एका शेतकऱ्याचा बैल नाहीसा झाला. पोलिसांनी आसपासच्या सगळ्या चावड्यांवरून त्या संध्याकाळी गैरहजर असलेल्यांची नावे मागवली. हा तेव्हा विशीतला. फास लावायला लांब गेला होता आणि अंधाराआधी परतला नव्हता. नाव गेले, शिपाई आले, आणि त्यांची घोडी लांबून दिसताच त्याने पाल सोडले. तो परत आला तेव्हा हजेरीचा कायदाच उरला नव्हता आणि कुणी त्याला नाव विचारले नाही. बैलाचे काय झाले, असे मी त्याला परतीच्या वाटेवर विचारले.

"बैल घावला त्याच हप्त्यात," तो म्हणाला. "मालक घेऊन गेला. माझं नाव तेवढं ऱ्हायलं."

वकिलाने वस्तीत जाऊन सगळे मांडून सांगितले. दुपार होती, नऊ पालांतले सगळे बोरीच्या सावलीत बसले होते. म्हाताऱ्याने कोर्टात उभे राहून ‘वहीतला तो माणूस मीच’ असे सांगितले तर त्याची इथली वहिवाट पन्नास सालाच्या मागे जाते, आणि त्याच्या आधाराने बाकीच्यांसाठी भांडता येते. पण ते नाव घेतले की त्याच्यावरचा गुन्हाही घ्यावा लागतो. फरारीला मुदत नसते. न सांगितले तर पुरावा नाही, दावा फेटाळला जाईल, गायरान जाईल. काय करावे हे मी सांगणार नाही, असे वकील म्हणाला. एका तरण्याने विचारले की मेलेल्या सहांच्या नावांवर भागणार नाही का. वकील म्हणाला, मेलेल्याची उलटतपासणी होत नाही.

म्हाताऱ्याची बायको इतका वेळ बोरीच्या फांदीचे काटे काढत होती. तिने मान वर केली नाही.

"जागा वाचवून ह्यो तुरुंगात बसनार. मंग पालात कोन, वकीलसाहेब? तुमी येता व्हय ऱ्हायाला?"

दोघेतिघे हसले. वकीलही हसला. नंतर ती नवऱ्याशी त्यांच्या भाषेत बरेच बोलली. मला एक शब्द कळला नाही. तो वरच्या दगडांकडे बघत राहिला आणि मध्ये एकदाच काहीतरी म्हणाला. ते काय, असे मी शेजारच्याला विचारले. त्याने सांगितले: म्हणतो, बाप तिथं आहे, त्याला उचलून कुठं नेऊ?

त्यानंतर त्यांची पंचायत एक दिवस बसली. त्याने सांगावे की न सांगावे हे पंचांनी ठरवले नाही, त्याच्यावर सोडले. बाकीच्या आठ कुटुंबांपैकी एकानेही त्याला भरीला घातले नाही, हे मला दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितले, म्हणून लिहितो.

साक्षीची तारीख चार वेळा पडली. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा समोरचे वकील, एकदा शिरस्तेदारांना वहीचे मराठी भाषांतर हवे होते, एकदा कारण कळले नाही. दर वेळी म्हातारा आणि त्याची बायको आदल्या दिवशी चालत निघून यायचे आणि कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसायचे. पाचव्या तारखेला पुकारा झाला. पाटलांनी आधी साक्ष दिली: वही माझ्या हातची, हा माणूस तोच. पुतणे मागच्या बाकावर होते. त्या दिवसानंतर त्यांनी पाटलांशी बोलणे सोडले.

मग म्हातारा उभा राहिला. त्याने आधी घरचे नाव सांगितले, मग चावडीचे. आवाज मोठा नव्हता. टंकलेखकाला दोन्ही नावे पुन्हा विचारावी लागली आणि त्याने ती पुन्हा सांगितली. समोरचे वकील अनुभवी होते. त्यांनी चावडीचेच धागे ओढले. पाटलाला खोटे नाव सांगितले का? व्हय. पोलिसांना? व्हय. प्रत्येक गावी वेगळे? व्हय. म्हणजे सरकारशी जन्मभर खोटे बोललात?

"व्हय."

"मग आज खरं बोलता हे कोर्टाने कशावरून मानायचं?"

"मानूस खोटं बोलतंय ते वाचायसाठी," तो म्हणाला. "आज बोलून मी वाचत न्हाय, साहेब. धरला जातोय."

न्यायाधीशांनी लिहिणे थांबवून त्याच्याकडे पाहिले, मग पुढे लिहिले. मी त्या दिवशी हे उत्तर बातमीत घातले. सोलापूरला जागा कमी पडली आणि बातमी ‘गायरान दाव्यात साक्षीपुरावा पूर्ण’ एवढीच आली. उपसंपादकाला मी दोष देत नाही. त्या दिवशी साखरेवर मोठी बातमी होती.

पोलीस बाराव्या दिवशी आले. या वेळी तो पालातच बसून होता. त्याला उमरग्याला नेले. जामीन पाटील राहिले. पण खटला काही उभा राहीना, कारण बैलाचा कागद सापडेना. जुने दप्तर उर्दूत होते. ते एका कचेरीतून दुसरीत जाताना कुठे राहिले हे कुणाला सांगता येत नव्हते. कागद नाही म्हणून आरोप ठेवता येत नव्हता, आणि आरोप नाही म्हणून सोडताही येत नव्हते. महिन्याला एक तारीख. दोन एस.टी. बदलून जायचे, दिवसभर व्हरांड्यात बसायचे, पुढची तारीख घेऊन यायचे. मी एकदा दुसऱ्या कामासाठी उमरग्याला गेलो तेव्हा तो दिसला. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रक मोजत बसला होता. म्हणाला, दिवस जातो.

दाव्याचा निकाल साक्षीनंतर दहा महिन्यांनी लागला. बावीस पाने होती. न्यायालयाने वही खरी मानली, पाटलांची साक्ष खरी मानली, म्हाताऱ्याची खरी मानली. त्याची वहिवाट सिद्ध. त्याचे पाल व अंगण यांना कुणी हात लावू नये. बाकीच्या आठांबद्दल अर्धे पान होते: वहीतल्या मयत इसमांशी वादींचे नाते शाबीत होत नाही. चावडीच्या नावाच्या बापाचा घरच्या नावाचा मुलगा कोर्टाला दाखवता आला नव्हता. वरचे दगड कुणाच्या अंगणात येतात याचा निकालात उल्लेख नव्हता.

वकिलाने हे वस्तीत वाचून दाखवले. म्हाताऱ्याच्या बायकोने दोनदा तेवढेच विचारले: एकच? वकील अपिलाचे बोलला. अपील औरंगाबादला होणार, वेळ लागणार. तोवर आठ पालं उठवायला कायद्याची आडकाठी राहिलेली नव्हती.

मोजणीदार यायच्या आदल्या दिवशी आठही पालं उठली, पण गायरान सोडून कुणी गेले नाही. त्यांनी सगळी पालं वर नेली आणि म्हाताऱ्याच्या पालाला लावून बांधली. दोर दोरांवरून, काठ्या काठ्यांत, चुली पाठीला पाठ लावून. अकरा दगड त्या घोळक्याच्या मधोमध आले. ही कल्पना वकिलाची नव्हती. त्याने ती माझ्याच तोंडून ऐकली. मोजणीच्या दिवशी मी तिथे होतो. म्हातारा नव्हता, त्याची उमरग्याची तारीख होती.

मोजणीदार मध्यमवयीन, घामाघूम झालेला माणूस होता. त्याने साखळी खाली ठेवून विचारले की निकालातले पाल यांतले कोणते. म्हाताऱ्याच्या बायकोने हाताने सगळे दाखवले.

"हे एकच हाय, साहेब. पोरं वाढली, पाल वाढलं."

दूध संस्थेच्या माणसांनी हरकत घेतली. मोजणीदाराने ती लिहून घेतली. मग एक फेरी मारली, एक दोर उचलून तो कुठून कुठे जातो ते बघितले, आणि सोडून दिला. उन्हात उभे राहून त्याने पंचनामा लिहिला. मी त्याच्या खांद्यावरून वाचला: ‘एक पाल, वाढीव भागासह, व अंगण.’ अंगणाच्या कडेने त्याने खुणेचे दगड रोवले. पंच म्हणून दोघांनी सह्या केल्या, दोघे संस्थेचेच सभासद होते. त्यांतला एक सही करताना म्हणाला, लई मोठं पाल झालं बाबा. म्हातारीने त्याला पाणी दिले.

पंधरवड्यात संस्थेने उरलेल्या गायरानाला तारेचे कुंपण केले. ते खुणेच्या दगडांपर्यंत बरोबर आले, एक वीतही आत नाही. तक्रारीला जागा नव्हती. फक्त पालांपासून रस्त्यापर्यंत जायची वाट आता कुंपणाच्या आत होती, आणि निकालात, पंचनाम्यात, मोजणीच्या नकाशात वाटेबद्दल काहीच नव्हते. माणसे तारेखालून ये-जा करू लागली. एका बाईचा खांदा फाटला. म्हातारा उमरग्याच्या पुढच्या तारखेला निघताना तारेखालून सरपटत बाहेर आला, धोतर झटकले आणि फाट्यावर जाण्याआधी उस्मानाबादला वकिलाकडे गेला.

वकिलाने नवा कागद घेतला. दावा पायवाटेच्या हक्काचा होता. वादी म्हणून किती नावे घालायची, असे त्याने विचारले. म्हाताऱ्याने सांगितले की या वेळी नऊही घाला, आणि प्रत्येकाच्या बापाचीही दोन्ही नावे घाला, घरचे आणि चावडीचे. लिहून होईपर्यंत उमरग्याची गाडी चुकली, आणि तो दुसरी गाडी किती वाजता आहे ते विचारायला स्टँडवर गेला.